हेडी संध्याकाळी येणार

पहाटे ५
आबा माझ्या आधी उठून बसलेले. आमची घोडी काशी ज्याला विकली त्याचा काल रात्री फोन आला, तो स्पीकरवर होता, त्यामुळे त्यांना सांगायचं काही उरलं नव्हतं. "काशी काढतोय. तुम्ही म्हणाला हुता, इकायची झाली तर आधी सांगा, म्हणून सांगतोय. उद्या दिस मावळायला हेडी येणार हाय. घेतली त्याच किमतीत न्या, न्हायतर मी मोकळा." हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. सांगणारा माणूस शब्दाचा पक्का. आम्ही मात्र तो शब्द घोडी देताना रडवेल्या तोंडाने घेतला होता आणि त्याचं पुढं काय करायचं याचा विचार कुणीच केला नव्हता.

"काय करायचं?" मी विचारलं.

"बघ तुझं तू," आबा म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

बायकोने एकच विचारलं, "बांधायची कुठं?" विट्यात आमचं दोन खोल्यांचं घर. पुढं शहाबादी फरशी, मागं शेजाऱ्याची भिंत. म्हशीला जागा नाही म्हणून दूध विकत घेतो.

सकाळी ७
पाळी बदलायची वेळ. मी जॉबर, म्हणजे माग बिघडला की हाक मला. रातपाळीवाल्याने दोन माग बंद ठेवून दिलेले. एकाचा पिकर फुटलेला, दुसऱ्याचा धोटा मधेच अडकून ताण्याचे वीतभर धागे तुटलेले. पिकर बदलायला वेळ लागत नाही, धागे ओवायला लागतो. फणीच्या घरातून एकेक धागा ओढताना हात चालू असतात आणि डोकं मोकळं. आज ते मोकळं डोकंच नडलं.

काशी आमच्या धनगरी वाड्यातच जन्मली, म्हणजे मेंढरांमागं फिरणाऱ्या बिऱ्हाडात. तिच्या आईच्या पाठीवर बाज उलटी बांधलेली असायची, बाजेच्या पायांत भांडी, कोंबड्यांची पाटी, नुकती जन्मलेली कोकरं आणि एक पोर. ते पोर मी. दिवाळी झाली की वाडा खानापूरच्या माळावरून कृष्णाकाठाला उतरायचा आणि मृगाच्या आगेमागे परत फिरायचा. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्याकडून धान्य नाहीतर पैसे. घोडी नसेल तर बिऱ्हाड जागचं हलत नाही, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही.

मग कराडजवळच्या टेंभूहून उचललेलं कृष्णेचं पाणी इकडं आलं. दुष्काळी तालुक्यात ऊस उभा राहिला, द्राक्षबागांना तारेची कुंपणं पडली. आनंदच आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण माळ आटले, त्यात आबांचे गुडघे गेले. मेंढरं आधी विकली, घोडी शेवटी. आबांनी घोडी दिली, दावं दिलं नाही. जनावर विकताना दावं ठेवून घ्यायचं असतं. घेणारा आपलं घेऊन येतो.

सकाळी १०
चहाच्या सुट्टीत कारखान्यात विषय निघालाच. एकाने आपल्या खिल्लार खोंडाची कथा सांगितली. सुप्रीम कोर्टाने 2014 साली शर्यती बंद केल्या, नुसता बांधून कोण पोसणार म्हणून त्याने पडत्या भावात दिला. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि हा पठ्ठ्या त्याच मालकाच्या दारात परत गेला. मालकाने जो आकडा सांगितला तो ऐकून चहाही न घेता उठला. 2023 ला तर इथंच भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस थार गाडी होती. बैलाला पुन्हा भाव आला तो त्याला पुन्हा काम आलं म्हणून. धनगराच्या घोडीला काम कोण देणार? काशीला ज्याने नेलं त्याने वरातीसाठी नेलं होतं. गोंड्याची झूल घालून ती डीजेसमोर उभी राहायची. कानात कापूस घालतो म्हणाला होता. आता पोरगा पुण्याला गेला, वरात कोण बघणार, म्हणून ती निघाली.

दुपारी १
जेवणाच्या सुट्टीत जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर शेळ्यांना लस टोचत होते, मान वर न करता बोलले. वय? चौदा. अजून दहा वर्षं सहज काढेल, नीट सांभाळली तर. दिवसाला तीसेक लिटर पाणी, उन्हाळ्यात जास्त. सात-आठ किलो कडबाकुट्टी-गवत, वर भिजवलेला हरभरा. दीड-दोन महिन्यांनी खूर छाटायचे. धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि वरातीतून फिरलेली घोडी आहे, तेव्हा ग्लँडर्ससाठी रक्त तपासल्याशिवाय दुसऱ्या घोड्यांत सोडायची नाही. तो रोग माणसालाही होतो.

हे सगळं मी मनात पैशात मांडत होतो आणि ते जमतही होतं. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर चालवणार कोण?" माझी पाळी बारा तासांची. आबा चौकापर्यंत जाऊन दोनदा बसतात. "एकटी, फरशीवर, चार फुटांच्या दोरीत. घोडं कळपातलं जनावर आहे हो. पोट फुगून मरेल, नाहीतर भिंत चावत बसेल."

जाता जाता म्हणाले, तुमच्या धनगरी घोड्यांना आता भीमथडी म्हणून स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली, कर्नालच्या संस्थेत नोंद झाली. मराठ्यांच्या फौजेत हीच घोडी होती म्हणे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नोंद झाली म्हणून कुणी माळ परत देत नाही.

दुपारी ४
हात ऑइलने माखलेले असताना तात्यांना फोन लावला. चुलत्यांचा वाडा अजून फिरतो. सध्या ताकारीच्या बाजूला, तुटलेल्या उसाच्या रानात. मी काशीचं नाव घेतलं. पलीकडं मेंढरांचा आवाज, कुत्र्यावर एक शिवी, मग तात्या.

"माझी घोडी गाभण हाय. अकरा म्हयने काढायचं हायत तिला, वझं किती लादू? पोरं म्हणत्यात पिकअप घ्या. पिकअप काय पांदीतनं जातंय व्हय? काशीला वाट ठावं हाय. पर पैसं आत्ता न्हाईत."

"निम्मे मी घालतो."

"मग घोडी कुणाची?"

बराच वेळ दोघंही बोललो नाही. मागं माग खडखडत होते. "वाड्याची," मी म्हणालो. तात्या हसले, म्हणाले, भांडणाचं बी पेरतोयस, तुझी म्हण नाहीतर माझी म्हण. खरं होतं. मी म्हणालो, तुमची. एवढा एक शब्द तोंडातून निघेना म्हणून तर सकाळपासून जीव खालीवर होत होता. मला घोडी नको होती, तिचा मालक राहायचं होतं.

संध्याकाळी ७
कारखान्याच्या मालकाला सांगून लवकर निघालो, कृष्णाकाठाला गाडी घातली. हेडी माझ्या आधी हजर. त्याने दात बघितले, खूर उचलून बघितले, उपरणं टाकून काशीच्या मालकाचा हात आत घेतला. कोणती बोटं दाबली ते मला दिसलं नाही, पण मालकाचं तोंड बघून भाव आमच्यापेक्षा चढा असणार हे कळलं. तरी त्याने हात काढून घेतला. "शबुद गेलाय यांना."

काशीने मला ओळखलं का? घरी सगळे हेच विचारणार. तिने कान फिरवले, माझ्या बाहीचा वास घेतला, बाहीला ऑइलचा वास, आणि परत कडब्यात तोंड घातलं. पाठीवर झुलीच्या पट्ट्याने केस गेलेले, पुढच्या डाव्या खुराला चीर. बाकी अंग धरून आहे.

पाच हजार इसार मोबाइलवरून पाठवला. हेडी म्हणाला, माझं पेट्रोल गेलं त्याचं काय? मालकाने दोनशे दिले, मी चहा पाजला. रक्त घ्यायला डॉक्टर परवा येतील. रिपोर्ट येईपर्यंत ती इथंच, वैरणीचे पैसे माझे.

रात्री ९:३०
आबांना सगळं सांगितलं. कितीला, खूर कसे, तात्या काय म्हणाले. त्यांनी फक्त खुराच्या चिरेबद्दल तीनदा विचारलं. मग फोन मागितला, स्वतः तात्यांना लावला. म्हणाले, चढाला तिच्यावर पाटी बांधू नको, डाव्या अंगाला ती लाथ झाडती, इसरला असशील. तात्या पलीकडून ओरडले, मी कशाला इसरतोय, खोगीर हाय का तुझ्याकडं ते सांग. खोगीर आम्ही भंगारवाल्याला दिलं होतं. आता त्यावरून दोघांची जुंपली आहे.