शोषक चिमटा

नागपुरात आकाशवाणीचे केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले आणि पुढे १९८८ साली राष्ट्रीय वाहिनीचा मध्यमलहरींवरील १० लाख वॅटचा प्रक्षेपकही याच शहराच्या वाट्यास आला. परंतु रेडिओवरील गायनाचा रसभंग करावयास शेजारच्या स्वयंपाकघरात चटणी वाटणारा एखादा मिक्सर पुरेसा होतो, हा अनुभव महाल-धरमपेठेतील श्रोत्यास नवा नाही. मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे ब्रश कॉम्युटेटरवर घासत असता ज्या ठिणग्या उडतात, त्यांतील प्रत्येक ठिणगी हा एक क्षणजीवी प्रक्षेपकच होय. उन्हाळाभर घरघरणारा नागपुरी कूलर मात्र, त्याच्या मोटारीस ब्रशच नसल्यामुळे, या आरोपातून बहुधा निर्दोष सुटतो; त्याचा उपद्रव कानांना, रेडिओला नव्हे.

तथापि मिक्सरचा देह लहान. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर आणि मिक्सरची वायर अदमासे तिच्या निम्मी, म्हणून अँटेनाचे काम वायरच बजावते. हे ओळखून स्विस टपाल व तार खात्यातील मेयर द स्टाडेलहोफेन यांनी साठच्या दशकात जी तजवीज केली, ती म्हणजे हा वायरीवरील उपद्रव मोजणारा शोषक चिमटा. त्याच्या पोटातील फेराइटच्या कड्यांतून वायर ओवतात. उपकरणाकडील पहिली कडी वायरीवरचा उच्चकंप्र प्रवाह टिपतात, मागील कडी तो शोषून घेतात व भिंतीतील विजेच्या तारांवरून येणाऱ्या परक्या गोंगाटास मज्जाव करतात. सुमारे ६ मीटर सरळ ताणलेल्या वायरीवरून चिमटा सरकवीत न्यावयाचा आणि प्रत्येक कंप्रतेस जेथे मापकाचा काटा सर्वाधिक चढेल तेथील आकडा नोंदवावयाचा. ३० मेगाहर्ट्झला ही सरक ५ मीटरपर्यंत जाते, कारण अर्धी तरंगलांबी तेवढी. एवढ्या साध्या हालचालीने अँटेना उभारून मोजण्यास लागणाऱ्या विस्तीर्ण मोकळ्या मैदानाचे काम एका मेजावर आणावे, ही मला या यंत्रातील खरी प्रतिभा वाटते.

चिमट्यास जोडलेला मापक ग्राहीही मोठा मनुष्यस्वभावी: तो १ मिलिसेकंदात भारित होतो, पण निवळावयास ५५० मिलिसेकंद घेतो, म्हणून विरळ टकटकीस सौम्य आणि सततच्या खरखरीस कठोर ठरतो.

१९३४ साली पॅरिसमध्ये भरलेल्या बैठकीतून उगम पावलेल्या ‘सिस्प्र’ या रेडिओ-व्यत्ययविषयक आंतरराष्ट्रीय समितीच्या दंडकानुसार घरगुती उपकरणांस ३० मेगाहर्ट्झला ४५ डेसिबल-पिकोवॅट, म्हणजे १ वॅटचा सुमारे तीन कोटीवा अंश, एवढीच मुभा आहे. ३०० मेगाहर्ट्झपर्यंत ती ५५ वर जाते. भारतीय मानक ६८७३ त्याच वाटेने चालते. ३० च्या खाली, मध्यमलहरींच्या मुलुखात, चिमट्याचा अंमल नाही. तेथे विजेच्या तारांवरील व्होल्टेज निराळ्या यंत्राने मोजतात, आणि ३०० च्या वर उपकरणाचा देह स्वतःच बोलू लागत असल्याने अँटेना उभारून मोजणी करावी लागते.