रेशीमअळीच्या पेशीत विषाणू शिरतो कसा?

जालन्याला २०१८ साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि मराठवाड्यातल्या अनेक शेतकऱ्यांचा कर्नाटकातल्या रामनगरपर्यंतचा फेरा वाचला. पण कोष बाजारात पोचण्यासाठी आधी अळ्या जगायला हव्यात. शंभर अंडीपुंजांतून सुमारे चाळीस हजार अळ्या निघतात. तीन-चार आठवडे त्यांना तुतीचा पाला घालावा लागतो. कोष विणायला दोन-चार दिवस उरलेले असताना काही अळ्या फुगतात, पिवळट दिसतात, पाला सोडून कडेकडेने भटकू लागतात. जरासा धक्का लागला तरी कातडी फुटून दुधासारखा द्रव सांडतो. हा ग्रासरी रोग. रोगी अळीवर औषध नाही.

त्या द्रवाचा थेंब आपण सूक्ष्मदर्शकाखाली चारशे पटींनी मोठा करून पाहिला, तर अनेक पैलूंचे चकाकणारे कण दिसतात. हे विषाणू नव्हेत, ही त्यांची पेटी! प्रथिनाच्या या स्फटिकात अनेक विषाणू बंद असतात. विषाणू स्वतः इतके लहान, की ते आपल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. पेटीमुळे ते संगोपनगृहाच्या धुळीत दीर्घकाळ टिकून राहतात.

मग ही पेटी उघडते कोठे? आपल्या जठरात आम्ल असते. रेशीमअळीच्या अन्ननलिकेचा मधला भाग मात्र तीव्र अल्कधर्मी असतो. पाल्याबरोबर पेटी तेथे पोचली की अल्कामुळे तिचे प्रथिन विरघळते आणि विषाणू मोकळे होतात. विषाणूचे बाह्य आवरण आतड्याच्या पेशीच्या पटलात मिसळून जाते. आतली डीएनए असलेली कांडी पेशीत शिरते आणि केंद्रकात पोचते. पेशीची यंत्रणा आता विषाणूच्या प्रती काढू लागते.

नवे विषाणू बाहेर पडताना पेशीच्या पटलाचाच तुकडा अंगाभोवती गुंडाळून घेतात. त्यात ‘जीपी ६४’ नावाचे प्रथिन खोवलेले असते. पुढची पेशी अशा विषाणूला एका पिशवीत गिळते. पिशवीतला द्रव आम्लधर्मी होऊ लागला की या प्रथिनाचा आकार बदलतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलाला चिकटून एकजीव होते आणि कांडी मोकळी होते. म्हणजे पहिले दार अल्काने उघडते, तर दुसरे आम्लाने!

शेवटी केंद्रकात पुन्हा पेट्या तयार होतात, पेशी फुटतात आणि रक्त दुधाळ होते. सांडलेला द्रव पाल्यावर पडला की शेजारच्या अळ्या तोच पाला खातात.

आता शेतकऱ्यांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा अर्थ लागतो. संगोपनगृह धुण्यासाठी २ टक्के ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात ०.३ टक्के विझवलेला चुना मिसळतात. चुनाही अल्कच. तो पेटी अळीच्या पोटाबाहेरच उघडतो आणि उघड्या पडलेल्या विषाणूला क्लोरीन नष्ट करतो. रोगी अळ्या वेळीच वेचून याच द्रावणात टाकायच्या, त्या उघड्यावर फेकायच्या नाहीत.

वर्गात हळदीच्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकून पाहू. कागद लाल होतो. लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळा. मग विद्यार्थ्यांना विचारू: अळीचे आतडे आपल्या जठरासारखे आम्लधर्मी असते, तर ही पेटी उघडली असती का?