लाकडी फरशी घालताय? आधी पाण्याचा विचार करा

पावसाळ्यात घराचे लाकडी दार फुगून चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात तेच दार सहज लागते, हा अनुभव बहुतेक घरांत दर वर्षी येतो. लाकूड कापले, रंधले, पॉलिश केले तरी ते हवेतील ओल शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ती सोडून देते. दार फुगले तर सुतार रंधा मारून देतो, पण अख्ख्या खोलीची जमीनच फुगली तर?

लाकडी फरशी दिसायला देखणी, थंडीत पायांना ऊबदार आणि नीट सांभाळली तर कित्येक वर्षे टिकणारी असते. पण तिचा खर्च साध्या लादीपेक्षा बराच जास्त. साठवलेला पैसा एका पावसाळ्यात वाया जाऊ नये असे वाटत असेल, तर पुढील गोष्टी लक्षात घ्या.

खरे लाकूड कोणते?

दुकानात 'वुडन फ्लोअरिंग' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पहिली अस्सल लाकडाची पट्टी. ती साधारण 18 ते 20 मिलिमीटर जाड असते. जुनी झाली, चरे पडले, तर घासून पुन्हा पॉलिश करता येते आणि हे अनेकदा करता येते. दुसरी इंजिनियर्ड पट्टी. हिच्यात खाली प्लायवूडचे आडवे-उभे थर आणि वर काही मिलिमीटरचा अस्सल लाकडाचा थर असतो. थर एकमेकांना धरून ठेवत असल्याने ती कमी फुगते. मात्र वरचा थर पुरेसा जाड असेल तरच ती एक-दोनदा घासता येते. तिसरी लॅमिनेट. दाबलेल्या लाकडी भुश्शाच्या फळीवर लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद आणि त्यावर टणक पारदर्शक थर अशी तिची घडण असते. ती स्वस्त पडते, तिच्यावर चरे कमी पडतात, पण ती घासून नवी करता येत नाही.

म्हणून भाव विचारण्याआधी पट्टीची कड पाहा. वरचा लाकडाचा थर किती जाड आहे हे कडेवरून लगेच कळते.

हवा पाहून निवड करा

मुंबई, कोकण, गोवा किंवा कोलकाता येथील दमट हवेत इंजिनियर्ड पट्टी जास्त भरवशाची. दिल्ली किंवा नागपूरकडे प्रश्न वेगळा असतो. तिथे कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून फटी पडतात आणि पाण्याचा कूलर लावला की तेच लाकूड ओल पिऊ लागते. अशा घरांत कूलरचा झोत थेट फरशीवर येऊ देऊ नका.

सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ते ओल आणि वाळवी यांना चांगले तोंड देते. पण हा गुण गाभ्याच्या तपकिरी लाकडाचा. फिकट, पांढरट पट्टे झाडाच्या बाहेरच्या भागाचे असतात. त्यांना वाळवी लवकर लागते.

स्वयंपाकघर, न्हाणीघराचा उंबरा आणि पावसाची झड आत येते ती गॅलरी, इथे लादीच बरी.

बसवण्याची घाई नको

पावसाळा संपून हवा कोरडी झाली की काम काढावे. गिलावा, रंग आणि नळाची कामे आधी उरकून घ्या. जमिनीत ओल आहे का, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. चोवीस तासांनी कागदाखाली पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली, तर थांबा. तळमजल्यावर ही परीक्षा जरूर घ्या. वाळवीची फवारणीही याच वेळी करून घ्यावी.

पट्ट्या आणल्या की लगेच बसवू नयेत. त्या काही दिवस त्याच खोलीत ठेवा, म्हणजे तिथल्या हवेची त्यांना सवय होते. बसवताना भिंतीलगत चारही बाजूंनी 10 ते 12 मिलिमीटर जागा सोडायला सांगा. कारागीर ती सिमेंटने भरू लागला तर थांबवा. लाकूड फुगते तेव्हा त्याला सरकायला हीच जागा लागते, आणि स्कर्टिंगखाली ती झाकलीही जाते.

माल मागवताना साधारण दहा टक्के जास्त धरावा. 12 बाय 14 फुटांची खोली 168 चौरस फूट होते, म्हणजे सुमारे 185 चौरस फूट माल लागेल. उरलेल्या पट्ट्या जपून ठेवा. पुढे एखादी बदलावी लागली तर त्याच रंगाची मिळेलच असे नाही.

सांभाळ कसा करावा?

आपल्याकडे बादलीभर पाण्यात फिनेल टाकून रोज लादी पुसतात. लाकडी फरशीला हीच सवय सर्वांत जास्त मारक आहे. मऊ केरसुणीने रेती काढावी, कारण चरे तिनेच पडतात. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. मागे राहिलेली ओल मिनिटा-दोन मिनिटांत वाळली पाहिजे. कामाला बाई येत असतील तर त्यांना एकदा स्वतः पुसून दाखवा आणि या खोलीचे फडके वेगळेच ठेवा.

सांडलेले पाणी लगेच टिपून घ्या. कुंडीखाली खोल बशी, देवघरापुढे तबक आणि दाराशी पायपुसणे असू द्या. खुर्ची-टेबलाच्या पायांना जाड लोकरी कापडाच्या चकत्या चिकटवा. गालिचाही अधूनमधून हलवावा, नाहीतर उन्हाने आजूबाजूचा रंग बदलतो आणि खाली चौकोन उठून दिसतो.

पट्ट्यांच्या कडा वर आलेल्या दिसल्या तर लगेच घासायला काढू नका. बहुधा खालून ओल येत असते. गळका नळ शोधा, तो दुरुस्त करा आणि फरशी पूर्ण वाळू द्या. ओलसर असतानाच घासली, तर वाळल्यावर कडा उलट खोलगट होतात. पुष्कळदा थोडा उठाव आपोआप बसतोही.

घरात बादल्या ओतून जमीन धुण्याची पद्धत असेल आणि ती मोडणे कुणाला रुचणार नसेल, तर सगळ्या घरात लाकूड घालण्याचा विचार सोडलेला बरा. पण हौस असेल तर एका झोपण्याच्या खोलीपासून सुरुवात करा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. मग पुढच्या खोलीचे ठरवा.