पहार, जडी आणि सागाचं रान

झाडं किती लावली याचे आकडे दर पावसाळ्यात छापून येतात; लावणाऱ्या माणसांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका साग रोपवनात गेलो. रोपवन वन विकास महामंडळाचं; महामंडळ १९७४ सालचं, मुख्यालय नागपूरला. मिश्र जंगल तोडून तिथं साग उभा करणं हे त्याचं जुनं काम. इतिहास एवढाच सांगतो, कारण तिथं पोचल्यावर एका बाईंच्या पहारीवरून माझी नजर हलेना.

त्यांच्याजवळ ओल्या गोणपाटात जड्या होत्या. गादीवाफ्यावरचं वर्षाचं रोप उपटायचं, अंगठ्याएवढं जाड निवडायचं, शेंडा दोन बोटं ठेवून छाटायचा, वीतभर सोटमूळ राखून बारीक मुळ्या काढायच्या. उरते ती जडी. पान एकही नाही, पण अन्न मुळात साठलेलं, म्हणून ती काही दिवस ओलाव्यात तग धरते.

बाईंनी पहार मारली, हलवून भोक रुंद केलं, जडी मातीबरोबर बसवली. मग बाजूला तिरपी पहार घालून माती जडीकडे लोटली, टाचेनं दाबली. "वरून दाबून भागत नाही भाऊ, बुडातून दाबा लागते. खाली पोकळ रायली का कुजते." दोन बाय दोन मीटरवर लावलं तर हेक्टरी २,५०० जड्या बसतात, आणि प्रत्येकीला हे सगळं करावंच लागतं. इतकं नेमकं काम अकुशल मजुरीत मोजलं जातं, हे मला पटत नाही.

वाकलेल्या माणसावर वाघ येतो, म्हणून टोळीतला एक जण उभा राहून रानाकडे बघत असतो. शिवाय सागाच्या लावणीचे आणि धानाच्या रोवण्याचे दिवस जवळजवळचे, त्यामुळे सगळं काम एकदम येतं. नंतर निंदणी, मग हाताला काम नाही. त्याहून मोठा प्रश्न जमिनीचा. सागाआधी तिथं मोह, तेंदू, चारोळीची झाडं होती. मोहफुलं आणि तेंदूपानं उन्हाळ्यात याच बाईंच्या घरात पैसा आणतात. सागाचं पान तर गुरंही खात नाहीत. गडचिरोलीतल्या गावांनी अशा तोडीला विरोध केला तो याच कारणानं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे.

तेव्हा उभा मोह असलेल्या जागी तोडीचा कूप पाडण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी. आणि जिथं साग लावायचाच, तिथं निंदणी, नांग्या भरणं, आगीपासून राखण हे पुढच्या तीन वर्षांचं काम लावणाऱ्या हातांनाच द्यावं.