टेंटचा हिशोब: छेदात काय लिहिणार?

रिसर्च प्रपोजलमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: 'सदर व्यवसायाच्या नफ्याचा अभ्यास केला जाईल.' व्यवसाय कुठलाही असो, वाक्य तेच! ते एका छोट्या व्यवसायावर लावून बघू या, म्हणजे त्यात किती गाठी आहेत ते कळेल. उदाहरण घेऊ पवना धरणाच्या काठावरच्या टेंट कॅम्पिंगचं. मावळ तालुका, तुंग-तिकोना-लोहगडाचा परिसर. पुण्या-मुंबईहून शनिवारी दुपारी गाड्या येतात, रविवारी नाश्ता झाला की परत जातात.

पुढचे आकडे मी फक्त गणितासाठी धरले आहेत, ते सर्व्हेतले नाहीत. तुमच्या फील्डवर्कमध्ये आकडे बदलतील, रीत तीच राहील.

समजा १५ टेंट, म्हणजे ३० माणसांची सोय. माणशी दर १,२०० रुपये. रात्रीचं जेवण, बार्बेक्यू, नाश्ता यावर माणशी ४०० खर्च. गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटचं किंवा ॲपचं कमिशन ३००. हातात उरले ५००. हा झाला माणूस आला तरच होणारा खर्च. आता माणूस येवो न येवो, होणारच असा खर्च: जमिनीचं वार्षिक भाडं १,५०,००० रुपये, दोन कामगारांचा आठ महिन्यांचा पगार १,९२,०००, टेंटचा घसारा ३०,००० (४,००० चा टेंट ऊन खाऊन दोन सीझनमध्ये विरतो असं धरलंय), वीज, जनरेटर, पाणी आणि किरकोळ दुरुस्ती ७८,०००. बेरीज ४,५०,०००. याला ५०० ने भागा. वर्षाला ९०० माणसं आली की ना नफा ना तोटा.

९०० हा आकडा मोठा की छोटा? इथेच खरी मजा आहे. ऑक्टोबर ते मे साधारण २४० रात्री धरल्या तर क्षमता ७,२०० माणसांची. म्हणजे फक्त साडेबारा टक्के जागा भरली की झालं. प्रपोजलमध्ये हे वाचून गाईड म्हणतील, अरे वा, सोन्याची खाण! पण मंगळवारी रात्री तिथे कोण येतंय? शनिवारच्या रात्री मोजा. त्या ३४ च्या आसपास, म्हणजे क्षमता १,०२०. आता तेच ९०० म्हणजे ८८ टक्के. एकदोन शनिवारी अवकाळी पाऊस झाला, परीक्षांच्या दिवसांत पोरं आली नाहीत, की गणित फिसकटलं. अंश तोच, फक्त छेद बदलला. दोन्ही टक्केवाऱ्या अंकगणिताने बरोबर आहेत, पण व्यवसायाबद्दल खरं सांगणारी दुसरीच.

दुसरी गाठ घरच्या माणसांची. अशा कॅम्पवर मालकाची बायको किंवा आई स्वयंपाक बघते, भाऊ शेकोटी पेटवतो. विचारलं तर उत्तर येतं, 'घरचेच आहेत, त्यांचा कसला पगार?' तुम्ही मात्र तो लिहायचा. दोघांचे महिना दहा-दहा हजार धरले तर आठ महिन्यांचे १,६०,००० वाढतात आणि लागणारी माणसं होतात १,२२०. सगळे शनिवार फुल्ल भरले तरी १,०२० च. म्हणजे कागदावर तरलेला कॅम्प घरच्यांच्या फुकट कष्टावर तरलेला असतो. घरची जमीन असेल तर भाड्याचंही तसंच. भाडं शून्य लिहू नका, ती दुसऱ्याला दिली असती तर काय मिळालं असतं ते लिहा. अर्थशास्त्राच्या पुस्तकातली 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' ती हीच.

मग सुटका कुठे? निम्मी गिऱ्हाइकं एजंटशिवाय थेट आली असती तर सरासरी कमिशन १५० वर येतं, माणशी ६५० उरतात आणि घरच्यांची मजुरी धरूनही ९३९ माणसांत भागतं. म्हणून मला वाटतं, इथे टेंटच्या किमतीपेक्षा कमिशनवर प्रश्न विचारणं जास्त फायद्याचं. (आणि जीएसटी विसरू नका. हजारापर्यंतच्या खोलीभाड्याला असलेली सूट १८ जुलै २०२२ पासून गेली आणि त्या व्याख्येत कॅम्पसाइटही येते. सेवा व्यवसायाला नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, त्यामुळे छोट्या कॅम्पला बहुतेक वेळा थेट झळ लागत नाही.)

माहिती गोळा करताना 'नफा किती?' असं विचारू नका. समोरचा तुम्हाला इन्कम टॅक्सवाला समजेल किंवा मुलीकडची मंडळी. त्याऐवजी शनिवारी ताटं किती वाढली, चिकन किती किलो आलं, महिन्याला सिलिंडर किती लागले ते विचारा. ताटं आणि चिकन यांचा मेळ बसला नाही तर एक आकडा चुकलाय. आणि बुधवारी जा. शनिवारी त्यांना वेळ नसतो, रविवारी डोळे उघडत नाहीत.

आता वहीत न दिसणारा खर्च. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. काठावर संडास बांधला तर सेप्टिक टँक नीट हवाच. समजा त्याला ३,००,००० लागले. दहा वर्षं टिकला तर वर्षाला ३०,०००, म्हणजे फक्त ६० माणसं जास्त. परवडतं. पण भाडेकरार तीनच वर्षांचा असेल, किंवा जागा धरणासाठी संपादित झालेल्या पट्ट्यात असून कधीही उठावं लागेल अशी धास्ती असेल, तर तोच खर्च वर्षाला एक लाख, म्हणजे २०० माणसं. मग साधा खड्डा खणला जातो. पाण्याचे नमुने घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी भाडेकराराची मुदतही विचारायला हवी ती यासाठी. तुमच्या प्रश्नावलीत हा एक रकाना जरूर घाला.

शेवटचं, सॅम्पलबद्दल. डिसेंबरमध्ये गेलात तर चालू असलेले कॅम्पच भेटतील आणि सरासरी छान दिसेल. पैसे बुडून बंद पडलेले तुमच्या यादीतच नसतील. मे महिन्यात यादी करा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये तीच यादी घेऊन परत जा. जिथे टेंट लागलेले नाहीत, तिथल्या माणसाला गावात शोधा आणि पहिला इंटरव्ह्यू त्याचा घ्या.