शिवरामपल्लीची पोलीस अकादमी

मेहदीपट्टणमहून विमानतळाकडे जाणारा उड्डाणमार्ग आरामघरला खाली उतरतो. तिथून जवळच, शिवरामपल्लीला, सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी आहे. आपल्यापैकी अनेकांचे तिच्या कुंपणाजवळून नेहमी जाणे-येणे होते, पण आत काय चालते याची माहिती थोड्यांनाच असते. भारतीय पोलीस सेवेत, म्हणजे आयपीएसमध्ये, थेट निवडलेला प्रत्येक अधिकारी इथे घडतो; पुढे त्याची नेमणूक नांदेडला होवो की नागालँडला.

अकादमी मूळची हैदराबादची नव्हे. १५ सप्टेंबर १९४८ रोजी माउंट अबू येथे 'सेंट्रल पोलीस ट्रेनिंग कॉलेज' या नावाने ती सुरू झाली. (१९५० ते १९५६ या काळात हे अबू मुंबई राज्यात होते.) ही तारीख वाचून आपण हैदराबादकर आणि मराठवाडेकर थबकतोच. नेमक्या त्याच दिवसांत, १३ ते १७ सप्टेंबरला, निजामाच्या राज्यात 'पोलीस अ‍ॅक्शन' चालू होती. नाव पोलिसांचे, कूच मात्र सैन्याची! तारखांचा हा मेळ योगायोगाचा. पण दोन्हींच्या वेळी गृहखाते सरदार पटेलांकडेच होते.

इंग्रजांच्या काळात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे शिक्षण प्रांतोप्रांतीच्या शाळांत होई. मुंबई इलाख्याची शाळा नाशिकला होती. स्वातंत्र्याच्या सुमारास इंग्रज अधिकारी गेले, काही अधिकारी पाकिस्तानात गेले आणि वरच्या जागा रिकाम्या पडल्या. अखिल भारतीय सेवा असाव्यात हे ऑक्टोबर १९४६ मध्येच प्रांतांच्या पंतप्रधानांच्या बैठकीत ठरले होते. सेवा एक म्हटल्यावर तिचे शिक्षणही एका ठिकाणी हवे, म्हणून हे कॉलेज. १९६७ मध्ये त्याचे नाव 'राष्ट्रीय पोलीस अकादमी' झाले, १९७४ मध्ये त्याला सरदारांचे नाव जोडले गेले आणि १९७५ मध्ये संस्था हैदराबादला आली. १९७२ मध्ये सेवेत आलेल्या किरण बेदींचे प्रशिक्षण त्यामुळे अबूलाच झाले.

अकादमी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. संचालक पोलीस महासंचालक दर्जाचे असतात. त्यांच्या हाताखाली सहसंचालक, उपसंचालक आणि सहाय्यक संचालक. यांतले बहुतेक अधिकारी निरनिराळ्या राज्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात आणि काही वर्षांनी परततात. त्यामुळे शिकवणाऱ्याकडे ताजा अनुभव असतो. पण कोणी एकाच विषयात वर्षानुवर्षे रमला आहे, असे कमी घडते. आम्हाला ही या रचनेची उणी बाजू वाटते.

निवड झालेले उमेदवार आधी मसुरीला इतर सेवांच्या अधिकाऱ्यांबरोबर पायाभूत अभ्यासक्रम करतात. मग इथला पहिला टप्पा, सुमारे वर्षभराचा. पहाटे शारीरिक कसरत व कवायत, नंतर वर्ग. फौजदारी कायदा (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे नवे कायदे), गुन्ह्याचा तपास, न्यायवैद्यक, सायबर गुन्हे. शिवाय नेमबाजी, पोहणे आणि घोडेस्वारी. घोड्याचा आज काय उपयोग, असे कोणीही विचारील. पण घाबरलेल्या जनावरावर बसून स्वतः न घाबरणे ही शिकवण्याजोगी गोष्ट आहे, असे आमचे मत. सर्वांत सरस ठरणाऱ्या प्रशिक्षणार्थीला पंतप्रधानांचा बॅटन आणि गृहमंत्रालयाचे रिव्हॉल्व्हर मिळते.

यानंतर अधिकारी आपल्या केडरच्या राज्यात जातो. सुमारे सहा महिने जिल्ह्यात पोलीस ठाण्याचे कामकाज प्रत्यक्ष करून पाहतो आणि मग दुसऱ्या टप्प्यासाठी परत येतो. त्याला त्या राज्याची भाषा शिकावीच लागते. महाराष्ट्र केडर मिळालेला बिहारी किंवा तमिळ तरुण मराठी शिकतो तो याचमुळे. तक्रार घेऊन आलेल्या म्हातारीचे बोलणे दुभाष्याविना कळले, तर अर्धा तपास तिथेच सोपा होतो.

२६/११ ला मुंबईत हुतात्मा झालेले हेमंत करकरे (१९८२ ची तुकडी) आणि अशोक कामटे (१९८९ ची) हे याच अकादमीचे विद्यार्थी.

आपल्या मुलामुलींसाठी एक माहिती: इथवर नेणारी केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. तेलंगणात राहणाऱ्या उमेदवारालाही ही मुभा आहे.