टिकाऊ खेळांचा बेवारस ठेवा

यंत्र जुने झाले की त्यावर चालणारी वस्तूही कालबाह्य होते, असा सर्वसाधारण समज आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर तो सिद्धान्तच मानला जातो. कारण या उद्योगाची सारी जाहिरात नव्या यंत्राच्या वाढत्या सामर्थ्यावर उभी असते. अनुभव मात्र वेगळी साक्ष देतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा मंडणगड तालुका घ्या. रेल्वेने या तालुक्याला स्पर्श केलेला नाही. मुंबईची नवलाई येथे पोचत आली ती गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम कोकणातील घरांत शिरला तो याच वाटेने. बहुधा ती 'निन्टेंडो' या जपानी कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राची स्वस्त नक्कल असे. तेव्हाची मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्या मुलांनाही तो 'मारिओ' आणि ती 'कॉन्ट्रा' तितकीच गुंगवून टाकते. याला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारता येणार नाही. ज्या मुलाने तो काळ पाहिलाच नाही, त्याला स्मरण कोठले आणि रंजन कशाचे?

या टिकाऊपणाचे मूळ टंचाईत आहे. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला होता. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही त्याच्या कित्येक पट जागा व्यापते. जागा वाचविण्यासाठी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांना एकच आकृती दिली गेली. बदलला तो फक्त रंग. मारिओच्या मिशा आणि टोपी हीदेखील काटकसरीचीच अपत्ये आहेत. मोजक्या ठिपक्यांत तोंड आणि केस काढणे जमेना, म्हणून ती युक्ती निघाली. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 'टेट्रिस' रचला तो चित्र काढण्याची सोयच नसलेल्या संगणकावर. त्यातील ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवावे लागले. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'साठी जॉर्डन मेक्नर यांनी आपल्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून नायकाच्या हालचाली रेखाटल्या. दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी संगणकात जागा उरली नव्हती, तेव्हा नायकाचीच आकृती पालटून त्याची सावली त्याच्यापुढे शत्रू म्हणून उभी केली. त्या खेळातील सर्वांत संस्मरणीय पात्र असे अडचणीतून जन्माला आले.

साधने विपुल असली की उणीव सजावटीखाली झाकता येते. अपुरी असली की प्रत्येक रेषेला आणि प्रत्येक नियमाला आपले अस्तित्व सिद्ध करावे लागते. वास्तवाची हुबेहूब नक्कल करू पाहणारे चित्र पुढच्या वर्षीच्या अधिक हुबेहूब चित्रापुढे फिके पडते. ज्याने नकलेचा हव्यासच धरला नाही, ते म्हातारे होत नाही. निन्टेंडोचे गुन्पेई योकोई यांनी हेच तत्त्व धंद्यात उतरविले. जुने, मुरलेले, म्हणून स्वस्त आणि भरवशाचे तंत्रज्ञान नव्या कल्पनेने वापरावे, असे त्यांचे धोरण होते. १९८९ च्या त्यांच्या 'गेम बॉय'ला रंगीत पडदा नव्हता. प्रतिस्पर्ध्यांची रंगीत यंत्रे महाग होती आणि बॅटऱ्या झपाट्याने संपवीत. 'गेम बॉय' आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक नग खपले.

अर्थात जुने ते सारे सोने, असे नव्हे. १९८२ चा 'ई. टी.' हा अटारी कंपनीचा खेळ इतका फसला की न खपलेला माल पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरण्यात आला. काळाची चाळणी निर्दय असते आणि तिने बरेच काही टाकून दिले ते योग्यच झाले. प्रश्न आहे तो चाळणीतून उतरलेल्या मालाचाही कोणी वाली नाही, हा. अमेरिकेत या क्षेत्रातील इतिहास-संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. खुद्द 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची मूळ आज्ञावली वर्षानुवर्षे हरवलेली होती. २०१२ मध्ये घरच्या अडगळीतील जुन्या फ्लॉपींत ती सापडली. नव्या खेळांची स्थिती तर अधिक नाजूक आहे. 'द क्रू' हा मोटार-शर्यतीचा खेळ कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपला सर्व्हर बंद करताच, पैसे मोजून घेतलेल्या ग्राहकांच्या हातातही निरुपयोगी झाला. नक्कल केलेली जुनी कार्ट्रिज डोंगराआडच्या वाडीत, मोबाइलची रेंज नसतानाही चालते. रीतसर विकत घेतलेला नवा खेळ मात्र कंपनीच्या मर्जीवर जगतो.

आपल्या कायद्यातील विसंगती येथेच उघड होते. कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीला 'साहित्यकृती'चा दर्जा दिला. साहित्यकृतीला लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे संरक्षण मिळते. पण साहित्याला जो दुसरा न्याय आहे, तो आज्ञावलीला नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय यांसह चार ग्रंथालयांत जमा कराव्या लागतात. खेळाच्या आज्ञावलीवर असे कोणतेही बंधन नाही. समाजाने मक्तेदारी द्यायची आणि मोबदल्यात एक प्रतही मागायची नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे.

या निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. मुंबईत तयार झालेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये प्रदर्शित झाला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ मध्ये. त्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जिला आरंभी पोरखेळ समजले, ती कला कोठे पोचली हे सांगावयास नको.

२०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा करून पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली. जुगाराची चिंता रास्तच होती; तथापि खेळ म्हणजे केवळ नियंत्रणाचा विषय, ही दृष्टी अपुरी आहे. खेळाच्या आज्ञावलीची प्रत सार्वजनिक ग्रंथालयात जमा करणे बंधनकारक करावे, बाजारातून काढून घेतलेले खेळ जतन करण्याची मुभा ग्रंथालयांना व महाविद्यालयांना द्यावी आणि सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने खेळ त्याविना चालेल अशी तजवीज करावी, एवढ्या तीन तरतुदी कायद्यात झाल्या तरी पुष्कळ होईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ४० किलोबाइटांची वस्तू सांभाळण्यास जागा लागत नाही. ती सांभाळण्याजोगी आहे, एवढे मान्य करावे लागते.